आरोपी परदेशात जाऊन बसला, तर खटल्याची मुदत संपते का?

प्रश्न डिचोली तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्या ताईंचे मामा फेब्रुवारी २०२४ मध्ये पहाटे स्कूटरवरून कामाला निघाले असताना बार्देशात एका मोठ्या गाडीखाली आले आणि जागीच गेले. गाडी चालवणारा बड्या घरचा. त्याला पोलीस स्टेशनवरच जामीन मिळाला, दोन महिन्यांत तो देशाबाहेर गेला आणि अजून परतलेला नाही. तपास अधिकारी म्हणतात, आरोपी हाती लागल्याशिवाय आरोपपत्र देता येत नाही. गावात लोक सांगतात, तीन वर्षं काढली की केस आपोआप बाद. त्यात थायलंडमधल्या रेड बुल कंपनीच्या वारसाची बातमी कोणीतरी मामींना वाचून दाखवली. तेव्हापासून त्यांनी आशा सोडली आहे. खरंच असं होतं का, असा प्रश्न आहे.

मी म्हापसा आणि मेरशीच्या कोर्टांत फौजदारी वकिली करते. मामींना आधी एवढं सांगा की आपल्या कायद्यात पळून जाणाऱ्याला पळण्याच्या काळाचा फायदा मिळत नाही. पण तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मान्य करून तुम्ही गप्प बसलात तर केस दुसऱ्या वाटेने मरू शकते, आणि ती वाट मुदतीपेक्षा जास्त वापरातली आहे.

थायलंडची बातमी आधी घेते, कारण भीती तिथून आली आहे. ३ सप्टेंबर २०१२ रोजी पहाटे बँकॉकमध्ये एका फेरारीने मोटारसायकलवरच्या पोलीस कर्मचाऱ्याला उडवलं. तो मरण पावला. आरोप रेड बुल घराण्यातल्या वोरायुध यूविध्या याच्यावर आला. तो सरकारी वकिलांची बोलावणी टाळत राहिला आणि २०१७ मध्ये देश सोडून गेला. अतिवेगाचा आरोप एका वर्षातच मुदतबाह्य झाला होता. धडक देऊन मदत न करता निघून गेल्याचा आरोप सप्टेंबर २०१७ मध्ये, पाच वर्षं भरताच गेला. आता बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा मुख्य आरोप उरला आहे. त्याची १५ वर्षांची मुदत सप्टेंबर २०२७ मध्ये संपते.

हे तिथे का होतं? थाई दंडसंहितेच्या कलम ९५ प्रमाणे मुदतीच्या आत खटला दाखल व्हावा लागतो आणि त्याच मुदतीत आरोपीला कोर्टापुढे हजरही करावं लागतं. माणूस परदेशात असला तरी घड्याळ चालूच राहतं. म्हणजे ज्याच्याकडे विमानाचं तिकीट, दुसऱ्या देशातलं घर आणि पंधरा वर्षं बसून खायला पैसा आहे, त्याच्या बाजूने काळ काम करतो. गरीब आरोपीला हे जमत नाही. मला या नियमाचा राग आहे तो याचसाठी.

या थाई मुदतीचा गोव्याशी जुना संबंध आहे. पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात एप्रिल १९८६ मध्ये मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी तिहार तुरुंगातून पळालेल्या चार्ल्स शोभराजला पकडलं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तो तिहारमधून का पळाला, हे मात्र कमी लोक सांगतात. १९७५-७६ मधल्या खुनांसाठी थायलंडला तो हवा होता, तिथे मृत्युदंडाची भीती होती, आणि थाई मुदत २० वर्षांची. दिल्लीतली शिक्षा संपली असती तर त्याला तिकडे पाठवलं गेलं असतं. तुरुंगातून पळाल्याबद्दल नवी शिक्षा लागली आणि तो १९९७ पर्यंत भारतातच राहिला. तोवर थायलंडची २० वर्षं उलटून गेली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये सुटून तो फ्रान्सला गेला. थायलंडमधल्या त्या खुनांचा खटला त्याच्यावर कधीच चालला नाही. २००३ साली तो नेपाळमध्ये गेला, तिथल्या १९७५ च्या खुनासाठी पकडला गेला आणि डिसेंबर २०२२ पर्यंत आत राहिला. पळण्यामागे हाच हिशेब होता असं बहुतेकांचं मत आहे, आणि तारखा पाहिल्या की मलाही तसंच वाटतं.

आता आपला कायदा. फौजदारी मुदत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून तीच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत शिक्षा असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर तीन वर्षं. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. खून, दरोडा, बलात्कार, मोठी फसवणूक यांना कधीही ‘वेळ गेली’ हे उत्तर लागू होत नाही. आयकर, सीमाशुल्क अशा अनेक कायद्यांखालच्या आर्थिक गुन्ह्यांना तर १९७४ च्या स्वतंत्र कायद्याने मुदतीतून बाहेर काढलं आहे.

मुदत मोजायची ती कोर्टात केस दाखल होईपर्यंत. निकाल लागेपर्यंत नाही, आरोपी उभा राहीपर्यंतही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केलं की तक्रार किंवा खटला दाखल झाल्याची तारीख धरायची, दंडाधिकाऱ्याने नंतर दखल कधी घेतली ती नाही. म्हणजे आरोपपत्र एकदा कोर्टाच्या रजिस्ट्रीत गेलं की मुदतीचा प्रश्न कायमचा मिटला. आरोपी वीस वर्षांनी आला तरी खटला उभा आहे. इथे कागद वेळेत पोचला की पुरे, माणूस नंतर आला तरी चालतं.

म्हणून ‘आरोपी मिळाल्याशिवाय आरोपपत्र देता येत नाही’ हे चूक आहे. फरार दाखवून आरोपपत्र देता येतं आणि रोज दिलंही जातं.

तुमच्या मामांची केस फेब्रुवारी २०२४ ची, म्हणून जुनं भारतीय दंड विधान लागू. पोलिसांनी बहुधा कलम ३०४-अ आणि २७९ लावलं असेल, एफआयआरची प्रत पाहून खात्री करा. ३०४-अ, निष्काळजीपणाने मृत्यू, याला कमाल दोन वर्षं शिक्षा होती. त्यामुळे तीन वर्षांची मुदत लागते आणि गावातले लोक म्हणतात ते तीन वर्षांचं गणित तिथून आलं. ते फेब्रुवारी २०२७ मध्ये भरतं. २७९ ला सहा महिन्यांची शिक्षा, म्हणून एकाच वर्षाची मुदत. पण दोन्ही गुन्हे एकत्र चालणार असतील तर मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत दोन्हींना लागू होते, त्यामुळे तो भागही गेलेला नाही. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हीच शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली आहे. म्हणजे १ जुलै २०२४ नंतरच्या अशा मृत्यूंना मुदतच उरली नाही. या बदलाची चर्चा फार झाली नाही, पण बळी गेलेल्यांच्या घरांसाठी तो मोठा आहे.

आणि फेब्रुवारी २०२७ ही तारीखसुद्धा तुमच्या आरोपीच्या कामाची नाही. जुन्या संहितेचं कलम ४७०, नव्यातलं ५१६, सांगतं की आरोपी भारताबाहेर असेल तो सगळा काळ मुदतीतून वजा करायचा. तो अटक चुकवत लपून बसला असेल तो काळही वजा. तुमचा माणूस दोन महिन्यांत गेला. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने आतापर्यंत जेमतेम दोन महिनेच खर्च झाले आहेत. याउपर न्यायाच्या हितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहेच.

तरीही या वजावटीच्या भरवशावर राहू नका. वजावट मिळते ती कागद दाखवल्यावर. तो कोणत्या तारखेला कोणत्या विमानतळावरून गेला, मध्ये कधी आला का, हे इमिग्रेशनच्या नोंदीवरून सिद्ध करावं लागतं. ती नोंद पोलिसांनी मागवायची असते. मी पाहते ते असं: पोलीस शिपाई आसगाव-हणजुणच्या बाजूला एखाद्या बंद व्हिलाच्या फाटकाशी जातो, आत बिहार नाहीतर ओडिशाचा केअरटेकर असतो, त्याला मालकाचं पूर्ण नावही माहीत नसतं. शिपाई ‘पत्त्यावर मिळाला नाही’ असा शेरा मारून परततो. महिन्याने पुन्हा तोच शेरा. या शेऱ्यांनी काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी तपास अधिकाऱ्याने केअरटेकरचा जबाब घेतला, शेजारच्यांचा घेतला, इमिग्रेशनला पत्र टाकलं आणि हे सगळं दंडाधिकाऱ्यापुढे ठेवून वॉरंट मागितलं, तर तीच फेरी केसचा कणा बनते. वॉरंट निघाल्यावर फरारीची उद्घोषणा: नोटीस गावात लोकांसमोर वाचायची, घराच्या दर्शनी भागावर आणि कोर्टाच्या फलकावर लावायची, हजर व्हायला किमान तीस दिवस द्यायचे. त्यानंतरही आला नाही तर तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि मालमत्तेवर टाच आणता येते.

कलमाचा आणखी एक परिणाम आहे. ३०४-अ जामीनपात्र आहे, कलम १०६(१) पण जामीनपात्रच आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, पासपोर्ट जमा करण्याची अट घालता येत नाही. म्हणून तो सुखाने विमानात बसला. तो दारू पिऊन गाडी चालवत होता, उलट्या बाजूने आला, लोकांनी हाका मारूनही थांबला नाही, असा काही पुरावा असेल तर सदोष मनुष्यवधाचं कलम, म्हणजे जुनं ३०४ भाग दोन, मागायला हवं होतं. ते अजामीनपात्र, शिक्षा दहा वर्षांपर्यंत, मुदत नाही. मुंबईत कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवरचे सात मजूर चिरडले गेले, त्या अलिस्टर परेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच कलम कायम केलं. मामांच्या केसमध्ये रक्ताची तपासणी झाली होती का? किती तासांनी? हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. पण वैद्यकीय कागद मागवा. कलम वाढवण्याचा अर्ज त्याच कागदावर उभा राहील किंवा पडेल.

आता त्याला परत आणण्याबद्दल. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्यातल्या नाइटक्लबला आग लागून २५ जण गेले आणि क्लबचे मालक काही तासांत फुकेतला पोचले. त्यांच्यावरचे आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत. पण ते दहा-बारा दिवसांच्या आत भारतात परत आले. प्रत्यार्पणाचा लांबलचक खटला चालवावा लागला नाही, थायलंडने त्यांना देशातून परत पाठवलं. सरकारने मनावर घेतलं तर किती वेळ लागतो ते गोव्याने तेव्हा पाहिलं. मामांसाठी तेवढा जोर लागणार नाही हे मला माहीत आहे. तरी त्यातलं एक हत्यार तुमच्याही आवाक्यात आहे: कोर्टाचं वॉरंट निघालेलं असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली पासपोर्ट जप्त किंवा रद्द करता येतो. पोलिसांनी तसं पत्र पासपोर्ट कार्यालयाला पाठवावं लागतं. पासपोर्ट गेला की परदेशातला व्हिसा, बँक, भाड्याचं घर सगळंच डळमळतं. सोबत लुकआउट नोटीस, म्हणजे भारतातल्या कुठल्याही विमानतळावर उतरला की कळेल.

त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे का, हे आधी शोधा. गोव्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. पोर्तुगालची राज्यघटना स्वतःच्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याची परवानगी फक्त दहशतवाद आणि आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारी यांसाठी देते, तीही करारात परस्पर तशी सोय असेल आणि न्याय्य खटल्याची हमी असेल तर. भारत-पोर्तुगाल प्रत्यार्पण करार २००७ मध्ये झाला, पण रस्त्यावरचा मृत्यू त्या चौकटीत बसणार नाही. तो पोर्तुगालमध्येच राहिला तर तिथून त्याला आणणं जवळजवळ अशक्य. मात्र पोर्तुगीज पासपोर्टवाले बहुतेक गोंयकार इंग्लंडात राहतात, आणि इंग्लंडची कोर्टं वेगळा विचार करतात. तिथे ‘फार काळ लोटला’ हा बचाव आहे खरा, पण जो स्वतः पळून गेला त्याला त्याने स्वतः लावलेल्या उशिराचा फायदा सहसा देत नाहीत. भारताकडून तिथे कागद वेळेत गेला पाहिजे, एवढंच.

मोठ्या फरारींबद्दल लोक विचारतात, म्हणून थोडं: २०१८ चा फरार आर्थिक गुन्हेगार कायदा १०० कोटी आणि त्यावरच्या प्रकरणांना लागतो. विजय मल्ल्या त्याखाली जाहीर झालेला पहिला, जानेवारी २०१९ मध्ये. तो मार्च २०१६ मध्ये गेला तो गेला, पण कांदोळीची किंगफिशर व्हिला बँकांनी त्याच वर्षी ताब्यात घेतली आणि लिलाव पुन्हा पुन्हा फसल्यावर २०१७ मध्ये सुमारे ७३ कोटींना विकली. माणूस हाताला लागला नाही तरी घर लागलं.

तुमच्या केसमध्ये टाच आणायची ती आरोपीच्या स्वतःच्या मालमत्तेवर, वडिलांच्या नाही. बड्या घरात सगळं वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असतं. तरी एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे, उतारे काढून पाहा. आजोबांच्या इस्टेटीचं इन्व्हेंटरी प्रकरण, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात पडून असेल तर त्यातला त्याचा हिस्सा बाहेर येतो. तो विवाहित असेल तर गोव्याच्या कायद्याप्रमाणे पती-पत्नीच्या सामायिक संपत्तीत त्याचा अर्धा वाटा असतो, करारनामा करून वेगळं ठरवलं नसेल तर.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे ते. पहाटेची वेळ होती, म्हणजे कोणी पाहिलं असेल? पाव घेऊन निघालेला पोदेर, चर्चला जाणारी एखादी म्हातारी, हॉटेल बंद करून परतणारा वेटर. पोदेराच्या भट्टीवर आज असलेला मुलगा पुढच्या वर्षी असेलच असं नाही. वेटर हंगाम संपला की कोलकात्याला जातो, फोन नंबर बदलतो. सीसीटीव्ही तर काही आठवड्यांत पुसलं जातं, ते तेव्हाच घेतलं होतं का हे तपास अधिकाऱ्याला विचारा. श्रीमंत फरारीला दहा वर्षांनी परत यायला हरकत नसते, कारण तोवर त्याच्याविरुद्ध बोलणारं कोणी शिल्लक राहत नाही. मुदत न संपताही तो निर्दोष सुटतो.

यावर कायद्यात उपाय आहे आणि तो फार कमी वापरला जातो. जुन्या संहितेचं कलम २९९, नव्यातलं ३३५. आरोपी फरार आहे आणि लवकर पकडला जाण्याची शक्यता नाही, हे दाखवलं की कोर्ट त्याच्या गैरहजेरीत साक्षीदारांच्या साक्षी नोंदवून ठेवू शकतं. पुढे साक्षीदार वारला, सापडेनासा झाला, तर ती साक्ष आरोपीविरुद्ध वाचता येते. नव्या संहितेच्या कलम ३५६ मध्ये तर फरारीच्या गैरहजेरीत पूर्ण खटला चालवून निकाल देण्याची सोय आली आहे, पण ती दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फरारी जाहीर झालेल्यांसाठी. ३०४-अ त्यात येत नाही. म्हणून तुमच्यासाठी २९९ हेच खरं. सरकारी वकिलांना हा अर्ज करायला सांगा, लेखी सांगा.

पोलीस आरोपपत्र देतच नसतील तर मामींच्या नावाने दंडाधिकाऱ्याकडे तपासाचे आदेश मागता येतात, आणि फेब्रुवारी २०२७ च्या आत खासगी फिर्यादही दाखल करता येते. ती दाखल झाली की त्या तारखेला मुदत थांबली. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

नुकसानभरपाईचं विसरू नका, आणि ते आरोपीच्या येण्यावर अजिबात अवलंबून नाही. विमा कंपनी देते. मोटार वाहन कायद्यात एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तुम्ही दावा केला नसेल तर ती उलटली. पण पोलिसांचा अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला असेल तर तोच अर्ज म्हणून धरला जातो, आणि केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. तेव्हा आधी न्यायाधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अहवाल पोचलाय का ते विचारा.

दंडाधिकाऱ्यापुढे जाताना वॉरंट, इमिग्रेशनची नोंद आणि फरार दाखवून आरोपपत्र देण्याचा आदेश या तिन्ही गोष्टी एकाच अर्जात मागा. वेगवेगळे अर्ज केलेत तर प्रत्येकाला वेगळी तारीख पडेल, आणि सरकारी वकील बदलले की पहिला अर्ज कुठल्या फाईलला लावला होता हे कोणालाच सांगता येणार नाही.